वाटीभर पत

मुलांनो, माझ्याबरोबर जरा एक कल्पना करा. भाऊबीजेचा दिवस आहे. तुमच्या हातात ओवाळणीचं तबक आहे आणि समोर पाटावर चुलतभाऊ बसला आहे. शेजारी तुमच्याच वयाची चुलतबहीण उभी आहे. दोघींनी एकाच भावाला ओवाळलं. भावानं तुमच्या तबकात पेनांची एक डबी ठेवली. मग बहिणीचा हात धरून तो तिला अंगणात घेऊन गेला. तिथं चादर पांघरलेलं काहीतरी उभं होतं. त्यानं चादर ओढली, आणि खालून निघाली मोरपंखी रंगाची, गिअरची, कोरी करकरीत सायकल!

आता खरं सांगा, तुमच्या पोटात काय झालं? तोंडानं "छान आहे" म्हणालात ते ठीकच. पण पोटात?

सोलापूरच्या शेळगीत राहणाऱ्या अपेक्षाच्या पोटात त्या दिवशी आग पडली. अपेक्षा आठवीत होती. सायकल मिळालेली तिची चुलतबहीण उत्कर्षा तिच्याच वर्गात, तिच्याच बाकावर बसायची. दोघींची घरंही दोन गल्ल्यांच्या अंतरावर. कालपर्यंत दोघी एका डब्यात जेवत होत्या.

"दादा, एवढी महाग सायकल कशी रे घेतलीस?" अपेक्षाच्या थोरल्या बहिणीनं, रेश्मानं, कौतुकानं विचारलं.

उत्कर्षाचा सख्खा भाऊ पृथ्वीराज याच प्रश्नाची वाट बघत होता. त्यानं पाकिटातून एक काळं, चकचकीत, सोनेरी अक्षरांचं कार्ड काढलं आणि दोन बोटांत धरून सगळ्यांपुढून फिरवलं. "क्रेडिट कार्ड! माझं पहिलं. मर्यादा लाखाच्या वर. आणि विमानतळावर लाऊंज फुकट. जायचं, बसायचं, हवं ते खायचं."

"विमानात बसायचं तिकीट कोण काढणार? का तेबी कार्डच काढतंय?" झोपाळ्यावरून उत्कर्षाच्या वडिलांनी, बापूसाहेब काकांनी, विचारलं. सगळे हसले. पृथ्वीराजही हसला, पण कार्ड त्यानं लगेच आत ठेवलं नाही.

अपेक्षाला राहवलं नाही. "आमच्या ताईकडंपण कार्ड आहे!"

"व्हय?" उत्कर्षानं सायकलची घंटी वाजवत म्हटलं. "दाखव की मग."

रेश्मा नको नको म्हणत होती, पण अपेक्षानं तिच्या पर्समधून कार्ड ओढून काढलंच. फिकट निळं, साधं कार्ड होतं ते. पृथ्वीराजनं उलटसुलट करून पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला.

"अगं रेश्मे, हे ठेवीवरचं कार्ड की! आधी आपले पैसे बँकेत ठेवायचे आणि मग बँक तेवढ्याच मापाचं कार्ड देणार. म्हणजे विहीर आपली, पाणी आपलं, आणि आपणच ते उसनं घ्यायचं!"

घर हसलं. रेश्मासुद्धा मनापासून हसली. हसली नाही ती फक्त अपेक्षा. तिचे कान तापले होते.

घरी आल्याआल्या तिनं पेनांची डबी न उघडताच कपाटावर भिरकावली. स्वयंपाकघरात त्यांची आई, सोजरबाई, कडक भाकऱ्या भाजत होती. हाच त्यांचा घरचा उद्योग. वडील श्रीपूरच्या साखर कारखान्यात नोकरीला, गाळप सुरू झालं की महिना महिना घरी येत नसत. सोजरबाई मूळची सांगोल्याकडची, हात भाकरीला बसलेला. ज्वारीची कागदासारखी पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर खरपूस, कुरकुरीत होईपर्यंत ठेवायची. अशी भाकरी महिनाभर टिकते. पुण्या-मुंबईला जाणारे लोक गठ्ठेच्या गठ्ठे बांधून नेत. पण थापून थापून आईच्या उजव्या मनगटानं आता दावा मांडला होता. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. भाकरी थापणारं यंत्र घ्यायचं, तेही जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी, म्हणजे मोसमाच्या मागण्या हात न मोडता पुऱ्या होतील, असं मायलेकींनी ठरवलं होतं.

अपेक्षानं रागारागात शेगडीची आच मोठी केली. भाकरी लवकर झाली म्हणजे आई लवकर मोकळी होईल आणि आपलं गाऱ्हाणं ऐकेल, हा हिशेब.

"आगं आगं, आच वाडवू नगंस!" सोजरबाई ओरडली. "वरनं करपंल आन आतनं वली ऱ्हाईल. वली भाकरी चार दिसांत बुरसती. त्या भाकरीला घाई चालत न्हाय, बाई."

"तुमचं सगळं असंच," अपेक्षा फणकारली. "भाकरी हळूहळू, कार्डपण हळूहळू! ताई, तुला पगार आहे. टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात बसतेस. मग दादासारखं मोठं कार्ड घ्यायला काय झालं होतं? सगळ्यांसमोर नाक कापलंस माझं!"

रेश्मानं तिला शेजारी बसवलं. "ऐक. गुढीपाडव्याच्या आधी आई आणि मी यंत्राच्या कर्जासाठी बँकेत गेलो होतो. आईनं साहेबांना काय सांगितलं माहितीये?"

"मी खरं त्येच सांगितलं," सोजरबाई तव्यावरून नजर न काढता म्हणाली. "आमच्या घरात कुनाच्या नावावर एक रुपायाचं कर्ज न्हाय. कवाच नव्हतं."

"आणि साहेब म्हणाले, बाई, हीच तर अडचण आहे. तुम्ही कधी घेतलंच नाही, मग वेळेवर परत करता हे आम्हाला कळणार कसं? माझं सिबिल, म्हणजे कर्जफेडीचे गुण, बघितलं, तर तिथं काहीच नाही. पाटी कोरी. म्हणून शेजारच्या शांतम्मांनी हे लहान कार्ड सुचवलं. वर्षाची फी नाही, मर्यादा लहान. गाडीचं पेट्रोल तेवढं त्यावर भरायचं आणि महिन्याचं बिल आलं की तारखेच्या आत पूर्ण चुकतं करायचं. काही महिने असं केलं की नोंद तयार होते. त्या नोंदीवर यंत्राचं कर्ज मिळेल."

"काही महिने!" अपेक्षा उठून गेली. तिनं पुढचं ऐकलंच नाही.

मुलांनो, मत्सर कान बंद करतो. डोळे मात्र उघडे ठेवतो, आणि ते एकाच गोष्टीवर खिळवून ठेवतो. अपेक्षाला गणिताच्या वहीतही चाकं दिसू लागली. शाळेला चालत जाताना मागून घंटी वाजायची आणि उत्कर्षा वाऱ्यासारखी पुढं निघून जायची. एकदा ती थांबलीही. "बसवलं असतं गं तुला मागं. पण गिअरच्या सायकलला कॅरिअर नसतं ना," असं ती खरोखर हळहळून म्हणाली. अपेक्षाला मात्र त्या हळहळीतही टोमणाच ऐकू आला. त्या आठवड्यात उत्कर्षाला इतिहासात कमी गुण पडले, तेव्हा अपेक्षाला बरं वाटलं. आपल्याला बरं वाटतंय याचं तिला थोडं नवलही वाटलं, पण थोडंच.

एका दुपारी अभ्यासाचा व्हिडिओ बघायला रेश्मानं तिला आपला फोन दिला आणि ती झोपली. फोनवर जाहिरात आली. काळंभोर कार्ड, त्यावर सोनेरी अक्षरं. 'फक्त दोन मिनिटांत अर्ज करा.'

अपेक्षाचं बोट थांबलं. मग पुढं सरकलं.

ताईची जन्मतारीख तिला पाठ होती. पॅन कार्डाचा फोटो फोनमध्येच होता. ओटीपी त्याच फोनवर येत होता. एक अर्ज गेला. त्यानं नाही म्हटलं तर? म्हणून दुसऱ्या बँकेत दुसरा. दुसऱ्यापेक्षा तिसऱ्याचं चित्र जास्त चमकदार होतं. मग चौथा, पाचवा. प्रत्येक अर्जाबरोबर तिला उत्कर्षाचा पडलेला चेहरा दिसत होता. कार्ड घरी येईल, ताई आधी चकित होईल, मग खूश होईल, मग आपण दोघी सायकलीच्या दुकानात!

पुढच्या काही दिवसांत कार्ड आलं नाही, संदेश आले. 'आपला अर्ज मंजूर करता येत नाही.' एकामागून एक. अपेक्षानं ताईच्या आधी फोन हाती घेऊन ते पुसून टाकले. चला, नाही तर नाही, झालं काय त्यात!

काय झालं ते डिसेंबरात कळलं.

रेश्मा आणि सोजरबाई बँकेतून परत आल्या. रेश्मानं चपला काढल्या आणि उंबऱ्यातच बसली.

"साहेब म्हणाले, नोंद चांगली तयार झाली होती. एकही तारीख चुकलेली नाही. पण नोव्हेंबरात मी लागोपाठ पाच ठिकाणी कार्डासाठी अर्ज केलेत म्हणे. कुणी देईना झालंय, म्हणजे बाईंना पैशाची फार नड आहे, असं दिसतं त्यातून. सिबिलचे गुण घसरलेत. काही महिने थांबा, मग या, म्हणाले." तिनं आईकडं पाहिलं. "मी कुठं अर्ज केले गं? मी तर एकही नाही केला!"

"आसंल कायतरी चूक त्येंची," सोजरबाई म्हणाली. मग तिनं कपाटातून जुन्या लुगड्याची पट्टी काढली, मनगटाला आवळून बांधली आणि परातीपुढं बसली. "थापू की हातानं. गड्डा आलाय तोंडावर. हात काय पळून जात्यात व्हय?"

पहिली भाकरी थापताना तिनं दात दाबून धरले. अपेक्षानं ते पाहिलं. ती तिथून उठली आणि शेजारच्या ओट्यावर शांतम्मांकडं जाऊन बसली.

शांतम्मा बँकेतून निवृत्त झालेल्या. घरी तेलुगू, गल्लीत मराठी. अपेक्षाला त्या 'चिन्नी' म्हणत, म्हणजे धाकटुली. त्या शेंगा सोलत होत्या. अपेक्षानं मूठभर शेंगा पुढं ओढल्या आणि सोलता सोलता अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "शांतम्मा, कार्डासाठी नुसता अर्ज केला, कार्ड मिळालंच नाही, तर बिघडतं काय?"

शांतम्मांनी चष्म्यावरून पाहिलं. "चिन्नी, समज आपल्या गल्लीत एक नवीन बाई राहायला आली. ओळख ना पाळख. तिनं तुझ्या आईकडं वाटीभर साखर मागितली. आई देईल?"

"देईल की."

"आणि तिनं दोन दिवसांत वाटी भरून परत आणून दिली. पुढच्या महिन्यात पुन्हा नेली, पुन्हा वेळेवर दिली. मग?"

"मग आई तिला काहीही देईल. गॅसची टाकीसुद्धा."

"ही झाली पत. आता दुसरी बाई घे. ती आल्या दिवशीच या दारात, त्या दारात, पलीकडच्या दारात, एका दुपारी पाच घरी वाट्या घेऊन गेली. आपण दाराआडून बघतोय. काय वाटेल?"

अपेक्षाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "पण तिला खरंच साखर हवी असेल तर?"

"असेल की गं. तिच्या मनातलं तिला ठाऊक. दाराआडच्या माणसाला फक्त वाट्या दिसतात."

"पण दादा म्हणतो, ताईचं कार्ड म्हणजे आपल्याच विहिरीचं पाणी आपणच उसनं घ्यायचं."

शांतम्मा हसल्या. "बरोबर बोलला तो. पण दोर कसा धरायचा, किती सोडायचा, हे शिकायला आपलीच विहीर बरी नाही का? हात सुटला तर घागर आपली जाईल, दुसऱ्याची विहीर तर अंगावर येणार नाही! पहिलं कार्ड मिरवायला नसतंच, चिन्नी. लहान घ्यावं, फी नसलेलं घ्यावं, झेपेल तेवढंच वापरावं आणि बिल पूर्ण भरावं. किमान रक्कम भरून उरलेलं पुढं ढकललं, की व्याज घरात पाय पसरून बसतं. शाळेत पहिलीच्या पोराला लहान बाक देतात. मोठ्या बाकावर बसवलं तर मोठा होतो का तो?"

शांतम्मांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"आता मला एक सांग. तुला सायकल हवी होती, का उत्कर्षाकडं ती नसायला हवी होती?"

किती साधा प्रश्न! पण अपेक्षाला वाटलं, कुणीतरी आपल्या पोटातच हात घालून तो निखारा बाहेर काढला आणि तळहातावर ठेवून दाखवला. आपण अर्ज करत होतो तेव्हा डोळ्यांपुढं सायकल नव्हतीच! उत्कर्षाचा पडलेला चेहरा होता. तिचा चेहरा पाडायला निघालो आणि पडला कुणाचा? आईचा!

"मीच केले अर्ज," ती म्हणाली. आणि मग तिला रडू आवरेना.

"मला सांगून काय उपयोग?" शांतम्मांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जिचं नाव वापरलंस, तिला सांग. आणि हेही ध्यानात ठेव, दुसऱ्याच्या नावानं अर्ज करणं हा खेळ नाही. बाहेरच्या कुणी केलं असतं तर आपण पोलिसांत गेलो असतो."

अपेक्षा घरी गेली आणि दारातच उभी राहून तिनं एका दमात सगळं सांगितलं. जाहिरात, अर्ज, पुसलेले संदेश, सगळं.

रेश्मा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "माझी जन्मतारीख तुला पाठ आहे, याचं मला किती अप्रूप होतं गं."

एवढंच. आणि ती आत निघून गेली. पुढचे काही दिवस ती अपेक्षाशी कामापुरतंच बोलली. फोनचा लॉक बदलला. विश्वास मोडायला एक दुपार पुरली होती, पण तो जोडायला तेवढी पुरणार नव्हती. ताईनं बँकेत जसा महिन्या-महिन्यानं जमवला, तसाच आपल्यालाही तो जमवावा लागणार, हे अपेक्षाला न सांगता समजलं. ती पहाटे उठून पीठ मळू लागली. थापणं तिला जमत नव्हतं, पण मळण्यात आईच्या मनगटाचा निम्मा त्रास वाचत होता.

"माजी आपू शानी झाली म्हनायची," सोजरबाई एकदा म्हणाली.

"दोन दिवस बघू आधी," आतून रेश्माचा आवाज आला. पण त्या आवाजात किंचित हसू होतं.

गड्ड्याच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी दारात उत्कर्षा उभी होती. चालत आली होती. डोळे सुजलेले.

"सायकल कुठाय?" अपेक्षानं विचारलं.

"विकणार आहेत. परवा गिऱ्हाईक आलं होतं बघायला." उत्कर्षा उंबऱ्यावर बसली. "दादानं सायकल घेतली, मग फोन घेतला, मग मित्रांना हॉटेलात नेलं. बिल आलं की किमान रक्कम तेवढी भरायचा. व्याज चढलं. आता बँकेचे फोन येतात. बाबा आणि दादा एकमेकांशी बोलत नाहीत. घरात जेवायलासुद्धा कुणी एकत्र बसत नाही."

मुलांनो, खोटं कशाला सांगू? हे ऐकताना अपेक्षाच्या मनात एक छोटीशी उकळी फुटलीच. बरं झालं! मिरवत होतात ना? तो निखारा पुरता विझला नव्हता. मत्सर एका रडण्यानं जात नाही.

पण तेवढ्यात उत्कर्षा म्हणाली, "मला तर तुझा हेवा वाटतो, आपू. त्या दिवशी कार्डावरून सगळे हसले, तेव्हा रेश्माताईपण हसली. तिला काहीच वाटलं नाही. आमच्याकडं असं कुणी नाही गं."

अपेक्षा थक्क झाली. जिच्यावर आपण इतके दिवस जळलो, ती आपल्याच घरावर जळत होती! दोघी एकमेकींच्या ताटात बघत बसल्या आणि दोघींचीही ताटं निवून गेली.

वाचकहो, आपण मोठी माणसंसुद्धा याहून निराळी नाही. शेजाऱ्याची गाडी बघून आपण गाडी ठरवतो, भावाचं कार्ड बघून कार्ड. पण पत ही कार्डाच्या रंगावर नसते आणि मर्यादेच्या आकड्यावरही नसते. घेतलेली वाटी वेळेवर, भरून, कुणी न मागता परत करण्यात ती असते. ती ज्याची त्यालाच आणि सावकाशच कमवावी लागते. आणि ती जमवताना नजर दुसऱ्याच्या अंगणात असेल, तर हातातली वाटीही सांडते.

यंत्र त्या मोसमात आलं नाही. गड्डा हातांवरच पार पडायचा होता. रेश्मा पेट्रोलचं बिल तारखेच्या आत भरत राहणार होती आणि पावसाळ्याच्या सुमारास पुन्हा बँकेत जाणार होती.

अपेक्षानं त्या सकाळी पुढं काय केलं? आधी तिनं कपाटावरून पेनांची ती न उघडलेली डबी काढली, उघडली, आणि त्यातलं मोरपंखी पेन उत्कर्षाला दिलं. "संध्याकाळी दादाला घेऊन शांतम्मांकडं ये," ती म्हणाली. "त्या रागवत नाहीत. आधी मी काय केलं ते मीच त्याला सांगेन, म्हणजे त्याला लाज वाटणार नाही." मग तिनं उत्कर्षाचा हात धरून तिला शेगडीपुढं, आपल्या शेजारी बसवलं.

तव्यावर भाकरी होती. उत्कर्षाला मदत करायची घाई झाली होती. तिनं बटण फिरवलं आणि ज्योत भसकन वर आली.

अपेक्षानं हात पुढं केला आणि आच मंद केली.